शमीवरची शस्त्रे आणि घरातली बंदूक

आश्विन शुद्ध दशमी. साडेतीन मुहूर्तांतील हा एक पूर्ण मुहूर्त. आज घरोघरी देवापुढे पाट मांडून शस्त्रपूजन होईल. कुठे विळा-कोयता, कुठे लेखणी, कुठे यंत्रावरची हत्यारे. आणि ज्या घरांत पूर्वी शिलेदारी वा देशमुखी नांदली, अशा काही घरांत तलवारीशेजारी एखादी जुनी ठासणीची बंदूकही पूजेस बसेल. घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा, समोर पोलादी झडप, लाकडी दस्त्यावर पितळेचे नक्षीकाम आणि नळीवर काळाने चढविलेला तपकिरी लेप. ही बंदूक कोणा लोहाराने आणि सुताराने हातांनी घडविलेली असते. तिला झेंडूची माळ घालताना घरातील कर्त्या पुरुषाच्या मनात एक विचार येतोच : हिचा घोडा, चाप, नळी नवी करून ही पुन्हा चालती करावी काय?

प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. चालती करावी म्हणणाऱ्यांची बाजूही दुबळी नाही. ते म्हणतात, खंडित मूर्ती आपण पूजेत ठेवीत नाही. देवघरातील टाक झिजले म्हणजे सोनाराकडून नवे करून घेतो. देवळाचा जीर्णोद्धार करणे हे तर पुण्यकर्म. मग गंजलेले, बार न काढणारे शस्त्र तेवढे पूजेत का ठेवावे? शस्त्रपूजा ही सामर्थ्याची पूजा आहे, मोडक्या लोखंडाची नव्हे.

युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण त्यात एक भेद सुटला आहे. टाक ही देवतेची प्रतिमा आहे. ती कितीही वेळा घडविली तरी देवता तीच राहते. पूर्वजांची बंदूक ही कशाचीही प्रतिमा नव्हे. ती स्वतःच ती वस्तू आहे. तिच्या दस्त्याला पडलेली झीज ही तो दस्ता गालाशी धरणाऱ्या माणसाची खूण आहे. ती खरवडून वर चकचकीत रोगण दिले, की बंदूक नवी होते आणि पूर्वज मात्र पुसला जातो. जीर्णोद्धाराचा खरा अर्थही आपण विसरू नये. २०१५ साली कोल्हापुरास श्रीअंबाबाईच्या मूर्तीवर पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी संवर्धनाची प्रक्रिया केली, तिचा हेतू मूर्ती टिकविण्याचा होता. नवी घडविण्याचा नव्हता. जपणे आणि बदलणे ही दोन निराळी कर्मे आहेत.

आता कारागिरीचा विचार करू. जुन्या पद्धतीत लोखंडाची पट्टी सळईभोवती गुंडाळून, तापवून, घणाने सांधून नळी घडवीत. तो सांधा दीड-दोन शतके दमट हवेत राहिला म्हणजे आतून किती खाल्ला गेला आहे, हे वरून पाहून सांगता येत नाही. अशा नळीत दारू ठासून बार काढणे म्हणजे आपल्या चेहऱ्यासमोर सुरुंग लावणे होय. नळी आतून तासून साफ करावी म्हटले, तर तिची जाडी आणखी कमी होते. आणि आत पेच पाडलेले असतील, म्हणजे ती खरोखरीची रायफल असेल, तर आधी ते पेचच नाहीसे होतात. ज्या गुणामुळे ती दुर्मिळ, तोच गुण दुरुस्तीने घालवावयाचा, हा कोठला शहाणपणा?

कोणी म्हणेल, पूर्वीच्या लोकांनीही बंदुका बदलल्याच होत्या. होय, बदलल्या होत्या. चकमकीचा चाप १६१० च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध झाला. पुढे तो आपल्याकडेही आला, आणि महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींसाठी आग्र्यास बंदुका घडू लागल्या. १८०७ साली स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फॉर्साइथ या धर्मोपदेशकाने आघाताने पेट घेणाऱ्या दारूच्या चापाचे पेटंट घेतले. त्यातून टोपीची बंदूक निघाली आणि १८४० नंतर गारगोटीचा जमाना ओसरला. तेव्हा कित्येक चकमकीच्या बंदुका टोपीच्या करून घेण्यात आल्या. पण ज्यांनी त्या बदलल्या त्यांना त्या वापरावयाच्या होत्या; घराचे आणि शेताचे रक्षण त्यांवर अवलंबून होते. त्यांचा बदल हा गरजेचा इतिहास आहे आणि तोही आता जपण्याजोगा आहे. आपला बदल हौसेचा ठरेल.

शिवाय कायदाही डोळ्यांआड करून चालणार नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने ज्या जुनाट शस्त्रांना मोकळीक दिली आहे, ती दुरुस्त करूनही चालू न शकणारी असावी लागतात. म्हणजे जी बंदूक दुरुस्तीने चालती होऊ शकते, तिला ही मोकळीक मुळातच लाभत नाही. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरालाही परवाना लागतो. गावच्या लोहाराकडे बंदूक नेऊन ‘जरा घोडा बसवून दे’ म्हणणे म्हणजे त्या गरिबाला नकळत गुन्ह्यात ओढणे होय.

याला एक अपवाद आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. कोकणात पीकसंरक्षणाचा परवाना घेऊन ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी आहेत. त्यांच्या दृष्टीने बंदूक हे नांगरासारखे अवजार आहे. त्यांनी ती परवानाधारक कारागिराकडून अवश्य दुरुस्त ठेवावी. कर्नाटकातील कोडगू प्रांतात कोडव समाज सप्टेंबरच्या आरंभी कैलपोळ्द हा शस्त्रपूजेचा सण करतो. तेथे बंदुकांना कळलावीच्या फुलांनी सजवितात. त्या समाजाला परवान्यातून मिळालेली सवलत केंद्र सरकारने २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढविली. तेथे बंदूक ही चालती परंपरा आहे. जेथे शस्त्र अजून कामात आहे तेथे दुरुस्ती हाच धर्म. जेथे ते स्मृतीत गेले आहे तेथे जतन हाच धर्म.

जतन म्हणजे मात्र हयगय नव्हे. शमीची कथा आपण दरवर्षी सांगतो, पण तिच्यातील बारकावा सांगत नाही. अज्ञातवासास निघताना पांडवांनी आधी धनुष्यांच्या दोऱ्या उतरविल्या. मग नकुलाने शमीवर चढून, पावसाचे पाणी लागणार नाही अशा ठिकाणी ती बळकट बांधून ठेवली. आधी शस्त्र निर्धोक करावे, मग कोरडे ठेवावे, हाच तो धडा.

पहिली गोष्ट निर्धोक करण्याची. अशा जुन्या बंदुकीत कोणा पूर्वजाने ठासलेला बार तसाच राहिलेला असू शकतो. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्या लोटल्या तरी जिवंत असते. आणि आपण तर तिच्या कानाशी निरांजन ओवाळतो, उदबत्ती लावतो, कापूर पेटवितो! म्हणून तोंडासमोर न उभे राहता एक लाकडी काठी नळीत हलकेच सोडावी, खूण करावी आणि बाहेरून नळीला लावून पाहावी. काठी कानाच्या छिद्रापर्यंत न पोचता अलीकडेच अडत असेल, तर आत काही आहे असे समजावे. ते उकरू नये. पूजा थांबवून पोलीस ठाण्यास कळवावे आणि जाणत्या कारागिरास दाखवावे.

दुसरी गोष्ट कोरडेपणाची. पंचामृत, चिंच, लिंबू वा विटकरीचा भुगा लोखंडाला लावू नये. त्याने गंज वाढतो अथवा घडविणाराची खूण घासून जाते. कोरड्या मऊ फडक्याने पुसून यंत्राच्या पातळ तेलाचा हात फिरवावा. गंध-अक्षता नळीवर न वाहता पुढे मांडलेल्या विड्यावर वाहाव्या. भक्तीत त्याने काही उणे पडत नाही.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. ही बंदूक नवी करू नये. घराण्यात ती कोठून, कोणाबरोबर आली हे वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहून ठेवावे आणि मुलांना वाचून दाखवावे. आपट्याचे पान सोने होते ते सोनाराने मुलामा दिल्यामुळे नव्हे, देणाऱ्याच्या भावनेमुळे. पूर्वजांच्या त्या शस्त्राचे मोलही तसेच आहे.