पाणी किती चढले?

१९३७ च्या जानेवारीत अमेरिकेतील आर्कान्सामधल्या डायस वसाहतीत पूर शिरला, तेव्हा जॉनी कॅश पुरता पाच वर्षांचाही नव्हता. त्या आठवणीवर त्याने १९५९ साली गाणे केले. पाणी किती चढले, हा प्रश्न आईला, मग वडिलांना. उत्तर दर कडव्यागणिक एका फुटाने वाढते आणि सूरही वर सरकतो. विलाप कोठेच नाही. मला तर त्यामुळेच धडकी भरते. १९८९ मध्ये न्यूयॉर्ककडील ‘डे ला सोल’ या रॅप-त्रयीने यातूनच आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव घेतले : ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’. अशा उसन्या तुकड्यांच्या हक्कांच्या भानगडीमुळे ती इंटरनेटवर रीतसर यायला २०२३ उजाडले! तिच्यात खेळकरपणा भरपूर आहे. घरात पाणी शिरण्याची धास्ती मात्र शोधूनही सापडत नाही.