गोगलगाय, चाबूक आणि एक प्रश्न

महापुरुषांवरील व्यंगचित्र दिसले की आपल्या समाजात संताप उसळतो, आणि तो अकारण नसतो. १९४९ साली व्यंगचित्रकार शंकर यांनी काढलेले चित्र पुष्कळांच्या स्मरणात असेल. संविधान नावाची गोगलगाय, तिच्यावर चाबूक घेऊन बसलेले बाबासाहेब, मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू आणि गंमत पाहणारी गर्दी. नेहरूंचा चाबूक गोगलगायीसाठी आहे, असे चित्राचे समर्थक म्हणतात. ज्यांच्या पूर्वजांनी पाठीवर वळ सोसले, त्यांना तो कोणावर उगारलेला दिसतो, हे सांगावयास नको.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातील या चित्रावरून मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला. सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. ती मोडतोड आम्हांस मान्य नव्हती. मात्र आम्ही स्वतः काय केले, तेही सांगितले पाहिजे. जूनमध्ये एका विद्यार्थ्याने चित्राचे कात्रण वर्गात आणून विचारले, "सर, बाबासाहेबांनी खरंच उशीर केला होता का?" आम्ही कात्रण काढून घेतले व त्याला खाली बसविले. इतिहासाच्या शिक्षकाने उत्तर ठाऊक असूनही प्रश्न दडपला.

ते उत्तर खुद्द बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिले होते. चिडून नव्हे, आकडे मांडून. ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या, २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. कॅनडाला दोन वर्षे पाच महिने लागले, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे. मसुदा समितीच्या सात सदस्यांपैकी कोणी राजीनामा दिला, कोणी निवर्तले, कोणी परदेशी होते आणि भार अखेर बाबासाहेबांवर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी वर्षभर आधीच सभागृहास सांगितले होते. हे काम सुरू झाले तेव्हा आपली घनसावंगी निजामाच्या राज्यात होती आणि हैदराबादचा एकही प्रतिनिधी त्या सभेत नव्हता. चित्रात यांतले काहीच दिसत नाही.

नेहरू आणि बाबासाहेब यांच्यात मतभेद होतेच. पण ते तत्त्वाचे होते, धनी-चाकराचे नव्हते. हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ मध्ये बाबासाहेब मंत्रिमंडळातून बाहेर पडले. तेव्हा घाई त्यांना होती आणि दिरंगाई सरकारची. त्या गोगलगायीचे चित्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात आमच्या पाहण्यात नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, ते चित्र वर्गात दाखवावे, परंतु शेजारी बाबासाहेबांचे ते भाषण ठेवून. राजकारणातील भक्ती अधोगतीकडे नेते, हा इशारा त्याच भाषणात आहे. औरंगाबादच्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी नाव दिले ते मिलिंदाचे, भन्ते नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. नागसेनांनी एकाही प्रश्नाला खाली बसविले नाही.

तो विद्यार्थी आज कोठे असेल ते आम्हांस ठाऊक नाही. ही स्मरणिका त्याच्या हाती पडली, तर उशिरा दिलेले हे उत्तर त्याने स्वीकारावे. संविधानाला उशीर झाला नव्हता, आम्हांला झाला.