आश्रयदात्याचा हक्क आणि खेळाडूचा धर्म

खेळाडूच्या सदऱ्यावर ज्या कंपनीचे नाव छापलेले असते, तिचा त्या सदऱ्याआतील माणसाच्या श्रद्धेवर काही हक्क पोहोचतो काय? जाहिरातीच्या पैशावर उभ्या असलेल्या आजच्या क्रीडासृष्टीत हा प्रश्न टाळता येणारा नाही. ऑस्ट्रेलियात तो 2019 साली उपस्थित झाला.

तेथील नामांकित रग्बीपटू इझ्राएल फोलाऊ याने त्या वर्षी एप्रिलमध्ये समाजमाध्यमावर एक मजकूर प्रसिद्ध केला. मद्यपी, समलिंगी, व्यभिचारी, नास्तिक आदी मंडळींनी पश्चात्ताप न केल्यास नरक त्यांची वाट पाहत आहे, असा त्याचा आशय होता. (या यादीत मूर्तिपूजकही होते, आमच्या बहुसंख्य वाचकांची व्यवस्था त्याने अशी परस्परच लावून टाकली होती.) बूट पुरविणाऱ्या कंपनीने त्याच्याशी संबंध तोडले, मोटार कंपनीने दिलेली गाडी परत घेतली आणि मे महिन्यात रग्बी संघटनेने त्याचा करारच रद्द केला. फोलाऊने संघटनेवर दावा लावला. डिसेंबरात तडजोड झाली आणि मूळ प्रश्नावर निकाल असा आलाच नाही.

या प्रकरणातील एक बारकावा आम्हांस महत्त्वाचा वाटतो. दावा लागला तो संघटनेवर. कारण तो तिचा नोकर होता आणि धर्माच्या कारणावरून नोकरास काढण्यास तेथील कायद्याची मनाई आहे. बूटवाले व मोटारवाले या दाव्याबाहेरच राहिले. आपल्याकडेही स्थिती निराळी नाही. राज्यघटनेचे 15 वे कलम धर्मावरून भेदभाव करण्यास राज्यसंस्थेला मनाई करते. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी यांच्या वापरापर्यंतही ते पोहोचते. पण खाजगी कंपनीने जाहिरातीसाठी कोणास निवडावे वा सोडावे, येथवर त्याचा हात पोहोचत नाही.

आपल्याच गिऱ्हाइकांपैकी एका वर्गाला जाहीरपणे नरकात धाडणाऱ्या माणसाला आपले नाव देण्याची सक्ती कोणत्याही कंपनीवर करता येणार नाही, असे आमचे मत आहे. तो आक्षेप उक्तीवर आहे. चर्चमध्ये जाणे, नमाज पढणे, गळ्यात माळ घालणे ही गोष्ट वेगळी. तथापि फोलाऊचे म्हणणे असे की, आपण केवळ धर्मग्रंथातील शिकवण सांगितली. आणि येथे आमचीही थोडी अडचण होते, हे कबूल केले पाहिजे. श्रद्धा कोठे संपते आणि उक्ती कोठे सुरू होते, याची रेघ दर वेळी स्वच्छ ओढता येत नाही.

म्हणून एक जुने उदाहरण आठवते. अमेरिकेतील लुइव्हिल शहराच्या अकरा गोऱ्या धनिकांनी 1960 साली कॅशियस क्ले या तरुण मुष्टियोद्ध्याला आश्रय दिला. 1964 साली जगज्जेता होताच त्याने ‘नेशन ऑफ इस्लाम’ या पंथात आपण सामील झाल्याचे जाहीर केले आणि तो महंमद अली झाला. हा पंथ गोऱ्यांना उघडउघड शत्रू लेखणारा. अनेक वृत्तपत्रे पुढे कित्येक वर्षे त्याचे नवे नावही छापीत नसत. या अकरा जणांनी मात्र 1966 साली मुदत संपेपर्यंत करार पाळला. त्यांचे हेतू निव्वळ उदात्त होते असे आम्ही म्हणत नाही. जगज्जेता हातचा घालविणे व्यवहारालाही धरून नव्हते. पण शब्द पाळला गेला.

आता आपल्या दाराशी येऊ. 30 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबईत जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा काढून भारताला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेले आणि नंतर येशूचे आभार मानले. तेवढ्यावरून तिच्यावर टीकेची झोड उठली. आदल्याच वर्षी मुंबईतील एका जिमखान्याने तिचे मानद सदस्यत्व रद्द केले होते. तिच्या वडिलांनी तेथील जागा धार्मिक कार्यक्रमांसाठी वापरली हा आक्षेप; सारे नियमानुसार व पदाधिकाऱ्यांना ठाऊक असतानाच झाले, हे वडिलांचे उत्तर. त्या वादात आम्ही शिरत नाही. वडिलांविषयीच्या तक्रारीसाठी सदस्यत्व गेले ते मुलीचे, एवढेच नोंदवितो.

उपान्त्य सामन्यात शतक झळकविणारीला कोणी सहसा सोडीत नाही. आम्हांस चिंता वाटते ती संघाच्या उंबरठ्यावरील, एखाद-दुसऱ्या कंपनीच्या आधाराने बॅट विकत घेणाऱ्या खेळाडूची. मुसलमान सासरी हिंदू सुनेचे डोहाळजेवण दाखविणारी जाहिरात 2020 साली बहिष्काराच्या हाकाटीपुढे मागे घेण्यात आली. आणि तो तर तनिष्कसारखा मातबर ब्रँड! अशा हाकाटीपुढे त्या होतकरू खेळाडूसाठी कोण उभे राहणार? त्याला कारण सांगितलेही जाणार नाही. करार नव्याने होणार नाही, इतकेच.

म्हणून कोणत्या वर्तनाने करार मोडेल हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे, ‘प्रतिमेस बाध’ अशा मोघम शब्दांवर भागवू नये, आणि मुदतीपूर्वी करार मोडणाऱ्याने कारण लेखी द्यावे, अशी आमची मागणी आहे. ती खेळाडूंच्या वतीने कोण करणार, हा प्रश्न उरतोच. 2019 साली स्थापन झालेली भारतीय क्रिकेटपटूंची संघटना निवृत्तांची आहे.