बोरचा वाघ, आष्टीचा बांध

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीकडच्या माणसाला वाघ बघायचा असला की तो बोर गाठतो. जिप्सी, गाईड, धरणाकाठचं सागवान, आणि नशीब असेल तर वाटेवर बसलेली वाघीण. 1970 मध्ये अभयारण्य आणि 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या बोरचा गाभा जेमतेम 138 चौरस किलोमीटरचा. तिथले बच्चे वयात आले की मुलूख शोधत आष्टी, कारंजा, कोंढाळीच्या रानांकडे निघतात. पर्यटकाला गोष्टीचा हा अर्धा भाग कोणी दाखवत नाही.

2017 मध्ये ब्रह्मपुरीकडून आणलेली वाघीण कॉलर बांधून बोरमध्ये सोडली. ती थांबली नाही. माणसांवर हल्ले झाले, गोळी घालण्याचा आदेश निघाला, प्रकरण हायकोर्टात गेलं. ऑक्टोबरात कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरी शिवारात विजेच्या तारेला चिकटून ती मेली. डिसेंबरात बोरचा 'बाजीराव' वाघ बाजारगावजवळ महामार्गावर गाडीखाली आला.

ती तार वाघासाठी नसते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाचं वावर उकरून टाकतो, रोही कपाशी खुडून खातात. भारनियमनामुळे ओलितही अनेकदा रात्रीचंच. जागलीला कंटाळलेला शेतकरी खुंट्या ठोकून गुडघाभर उंचीवर तार ओढतो आणि लाइनवर आकडा टाकतो. त्या तारेवर माणसंही मेली आहेत. नुसते गुन्हे नोंदवून हे थांबणार नाही.

त्यात आता सोन्याचा मोह. नागपूर जिल्ह्यात परसोडी, मरूपारच्या खडकांत भूवैज्ञानिकांना सोन्याचे अंश सापडले. तिथून उमरेड-कऱ्हांडलाचं जंगल दूर नाही. वैनगंगेच्या खोऱ्यात सोनझरी पिढ्यानपिढ्या नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण वेचत. त्यासाठी झाड तोडावं लागत नसे. खाणीला रस्ते, स्फोट, गाळाचे डोंगर लागतात. कोलारची सोन्याची खाण 2001 मध्ये बंद झाली, पण सायनाइडच्या गाळाचे ढिगारे अजून गावाच्या उशाशी आहेत. विदर्भातली जंगलं आधीच तुकड्यातुकड्यांत उरली आहेत. त्यांना जोडणाऱ्या पट्ट्यात खाणपट्टा देऊच नये.

जीवघेण्या तारेऐवजी लावता येईल अशा सौर कुंपणाला सरकारी अनुदान आहे. ते मिळताना व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या गावांइतकाच मान आष्टी-कारंजाच्या शिवारांना हवा. ओलिताला दिवसा वीज हवी. आणि सफारीच्या तिकिटातला ठरावीक वाटा, वाघ ज्यांच्या बांधावरून जातो त्या गावांच्या ग्रामसभांकडे थेट जायला हवा.