शर्यतभूमीचा शेजारधर्म

इंग्लंडातील मोटारशर्यतींच्या सर्किटांवर ‘ट्रॅक डे’ नावाचा एक प्रघात आहे. स्पर्धेची ईर्ष्या बाजूस ठेवून, केवळ आपली मोटार तिच्या पूर्ण सामर्थ्यानिशी हाकता यावी एवढ्यासाठी हौशी चालक त्या दिवशी एकत्र येतात. परंतु मार्गावर उतरण्यापूर्वी प्रत्येक मोटारीस एका छोट्या परीक्षेला सामोरे जावे लागते. इंजिन कमाल शक्तीच्या फेऱ्यांच्या तीन-चतुर्थांशावर स्थिर ठेवायचे, एक्झॉस्टच्या मुखापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात ध्वनिमापक धरायचा, आणि जो आकडा येईल तो शिरोधार्य मानायचा. ही हद्द सर्किटागणिक बदलते: कोठे ९८ डेसिबल, कोठे १०५. पुढे धावत्या मोटारीचा आवाजही मार्गालगतचे यंत्र टिपत असते आणि हद्द ओलांडणाऱ्यास निशाण दाखवून बाहेर बोलावले जाते.

या नियमाविषयी चालकांमध्ये एक जुनी तक्रार आहे. सर्किट आधीपासून होते, घरे मागाहून आली. ज्यांना गोंगाट सोसवत नाही त्यांनी तेथे घर घेतलेच कशाला? युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो; न्यायासनासमोर मात्र तो टिकलेला नाही. सफोक परगण्यातील मिल्डेनहॉलजवळच्या मोटारशर्यतींच्या क्रीडांगणास नियोजन खात्याची परवानगी १९७५ सालीच मिळालेली होती. फिर्यादी जोडप्याने जवळचा बंगला घेतला तो २००६ साली. तरीही ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये असा निर्वाळा दिला की, उपद्रवाजवळ आपण होऊन राहावयास आल्याने शेजाऱ्याचा दाद मागण्याचा हक्क बुडत नाही, आणि नियोजनाची परवानगी म्हणजे उपद्रवाची सनद नव्हे. वीस वर्षांच्या वहिवाटीने गोंगाटाचा हक्क मिळू शकतो, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. परंतु तशी वहिवाट ते क्रीडांगण चालविणाऱ्यांना सिद्ध करता आली नाही. त्यापूर्वी, २००९ मध्ये, यॉर्कशायरमधील क्रॉफ्ट सर्किटविरुद्धच्या दाव्यात अपील न्यायालयाने मनाई हुकूम काढून अतिगोंगाटाचे दिवस वर्षाकाठी चाळिसांवर आणले होते.

या चाळीस दिवसांच्या आकड्यात सगळ्या प्रश्नाचे मर्म आहे, असे मला वाटते. गोंगाटाची मुभा ही कोणा एका चालकाची मालमत्ता नसून सर्वांच्या सामाईक खात्यातील मर्यादित शिल्लक आहे; जो आपल्या मोटारीचा सायलेन्सर काढून येतो तो ती शिल्लक इतरांना न विचारता खर्च करतो. डेसिबलचे गणित येथे फसवे ठरते. ९८ ऐवजी १०१ आकडा आला तर चालकास तीनच अंकांची चूक क्षुल्लक वाटते. वस्तुतः तीन डेसिबलच्या वाढीने ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते.

यावर काही जण चातुर्याचा मार्ग काढतात. कॅलिफोर्नियातील लगुना सेका सर्किटवर बहुतेक दिवशी पन्नास फुटांवरून ९० डेसिबल ही हद्द पाळावी लागते. तेथे ध्वनिमापक जवळ येताच पाय उचलायचा, किंवा एक्झॉस्टचे तोंड त्याच्या विरुद्ध बाजूस वळवायचे, अशा युक्त्या चालकांमध्ये सर्वश्रुत आहेत. यात यंत्राचे समाधान होते; परंतु यंत्र शेजाऱ्याचा प्रतिनिधी म्हणून तेथे उभे आहे, आणि प्रतिनिधीस चकविल्याने मूळ पक्षाचे कान मिटत नाहीत. खरा उपाय साधा आहे. सायलेन्सरमधील जळून विरलेले तंतूंचे भरण नव्याने भरून घ्यावे, गरज पडल्यास त्या दिवसापुरता जादा सायलेन्सर बसवावा, आणि वरचा गिअर वेळेवर टाकून इंजिनाचे फेरे आटोक्यात ठेवावेत. उभ्या परीक्षेत उत्तीर्ण झालेली मोटार धावताना नापास होऊ शकते, कारण भाराखाली इंजिनाच्या श्वासाचाही आवाज वाढतो. म्हणून हद्दीच्या काठावर न राहता दोन-तीन डेसिबल खालीच राहणे शहाणपणाचे.

हा विषय आपणांस परका नाही. मोटार मनसोक्त हाकण्यासाठी चेन्नईजवळच्या किंवा कोइमतूरच्या सर्किटचा रस्ता धरणारे हौशी तरुण आपल्याकडेही आहेत. आणि आपल्या शहरांतून पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले जाताना आपण पाहिले आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिलेली आहेच. सर्किटे हवीत, कारण वेगाची ऊर्मी रस्त्यावरून हटवून सुरक्षित जागी नेण्याचे पुण्यकर्म तीच करतात. परंतु ती टिकवायची तर भोवतालच्या गावांचा विश्वास जपावा लागेल, आणि तो एका गोंगाटी मोटारीनेही ढळतो.

वेगाचा आनंद मला निषिद्ध वाटत नाही. तो दीर्घायुषी व्हावा, असेच वाटते. म्हणून या छंदाच्या प्रत्येक उपासकास माझी कळकळीची विनंती आहे की, टायरमधील हवा आणि ब्रेक जसे आपण घरून निघण्यापूर्वी तपासता, तसाच आपल्या मोटारीचा आवाजही घरीच मोजून घ्यावा. कारण सर्किट बंद पडले तर नुकसान आपलेच आहे.