अहवाल घरच्या लेकरांना वाचू द्या



शिरड शहापूर भागातली आपली पोरं-पोरी कॉलेजात व्यवस्थापकीय लेखाशास्त्र शिकतात. ते पेपरापुरतंच का राहावं? स्थिर खर्चाचा पहिलाच धडा बघा. समजा, कायम पगार, व्याज, देखभाल मिळून कारखान्याचा खर्च ३० कोटी. गाळप ५ लाख टन झालं तर टनामागं ६०० रुपये. ३ लाखच झालं तर १,०००. एफआरपीवरचा जादा हप्ता याच ४०० रुपयांत अडकतो. म्हणून ऊस बाहेर घालताना विचार करावा. आणि गाळप का घटलं, हे संचालकांनाही विचारावं. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीला धनंजयराव गाडगीळांसारखे अर्थतज्ज्ञ होते. आपल्याकडं आपली लेकरं आहेत. वार्षिक सभेआधी अहवाल त्यांच्या हाती द्या, मगच मंजुरीला हात वर करा.