संगणकजालाचीं मूलतत्त्वें आणि पाठांतराची संवय

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला होता. तो सध्यां अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत आहे व संगणकजाल हा विषय त्याला नुकताच लागला आहे. मीं सहज विचारिलें, "काय शिकलास?" त्यानें एका दमांत सातहि थरांचीं नांवें म्हणून दाखविलीं, एकहि चुकलें नाहीं. मग मीं दुसरा प्रश्न केला, "परंतु हे थर पाडले कशासाठीं?" यावर तो गप्प बसला, व कांहीं वेळानें म्हणाला, "सर, तें परीक्षेला येत नाहीं."

हें उत्तर ऐकून मला राग आला नाहीं. वाईट मात्र वाटलें. कारण हाच मुलगा नववींत माझ्यासमोर बसत असतां भूमितीचीं प्रमेयें मीं त्याच्याकडून अशींच म्हणवून घेतलीं होतीं. तेव्हां सर्व दोष विद्यापीठाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. ज्या संवयीचें बीं आम्हीं शाळेंत पेरिलें, तिचेंच पीक तेथें उभें आहे.

माझें स्पष्ट मत असें आहे कीं, हा विषय पाठांतरानें मुळींच हस्तगत होत नाहीं. पर्वत, नद्या, ग्रह यांप्रमाणें संगणकजाल ही निसर्गानें दिलेली वस्तु नव्हे. माणसांनीं अडचणी पाहून आपसांत जे संकेत ठरविले, त्यांची ती एक जुळणी आहे. ज्याला अडचण ठाऊक नाहीं, त्याला संकेताचा अर्थ कळावा कसा?

उदाहरणार्थ, निरोपाचे तुकडे कां करितात हेंच पाहा. जुन्या टेलिफोनच्या पद्धतींत दोघे बोलत असेपर्यंत त्यांच्यामधील मार्ग दुसऱ्या कोणासहि मिळत नसे. संगणक मात्र क्षणभर बोलतात व बराच वेळ स्तब्ध राहतात. त्यांच्यासाठीं तार अडवून ठेवणें ही निव्वळ उधळपट्टी होय. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत पॉल बॅरन यांस, युद्धांत कांहीं तारा तुटल्या तरी दळणवळण चालूं राहावें, अशी चिंता होती. इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस यांस संगणकाचा वेळ अनेकांस वाटून द्यावयाचा होता. दोघांनींहि स्वतंत्रपणें एकच युक्ति काढिली: निरोपाचे लहान तुकडे करावे, प्रत्येकावर पत्ता घालावा, आणि एकाच तारेवरून अनेकांचे तुकडे जाऊं द्यावे. या तुकड्यास 'पॅकेट' हें नांव डेव्हिस यांनीं दिलें.

याहून बोधप्रद हकीकत १९८६ सालची आहे. त्या वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा व बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यामधील जालाचा वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर आला. दोन्ही ठिकाणांमधील अंतर सुमारें ४०० यार्ड! व्हॅन जेकबसन व मायकेल कॅरेल्स यांनीं शोध केला. तेव्हां दिसून आलें कीं, गर्दीमुळें तुकड्यास उशीर झाला कीं पाठविणारें यंत्र तो हरवला असें समजून पुनः पाठवी. त्यामुळें गर्दी आणखी वाढे. १९८८ सालीं त्याचा उपाय प्रसिद्ध झाला: आरंभ सावकाश करावा, आणि तुकडा हरवल्यास तो गर्दीचा इशारा मानून हात आंखडता घ्यावा. या तत्त्वाचीं सुधारलेलीं रूपें आजहि वापरांत आहेत. केवळ नांवें पाठ असणाऱ्यास हें कोडें कधींच सुटलें नसतें.

कोणी म्हणेल, "नोकरी देणारे तत्त्वें विचारीत नाहींत, अमुक कंपनीचें यंत्र चालवितां येतें काय, एवढेंच विचारितात. शिवाय आतां आज्ञा लिहून देणारे संगणकहि झाले." हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. कर्ज काढून फी भरणाऱ्या घरास नोकरीची निकड असते, हें मी जाणतों. परंतु अर्पानेट या जालावर १ जानेवारी १९८३ रोजीं जे संकेत लागू झाले, त्यांच्याच पायावर आजचें इंटरनेट उभें आहे. त्या वेळचीं यंत्रें मात्र केव्हांच भंगारांत गेलीं. केवळ यंत्र शिकलेल्याचें ज्ञान यंत्राबरोबरच जुनें होतें. आणि संगणकानें लिहून दिलेली आज्ञा चुकली, तर ती चूक ओळखणार कोण?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या संगणकवर्गांतील इंटरनेट बंद पडलें. दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनीं सर्व सामान नवें घेण्याचा सल्ला दिला. त्याच दिवशीं बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षांत शिकणारी आमची एक माजी विद्यार्थिनी दाखला नेण्यास आली होती. तिनें क्रमानें चार प्रश्न केले. तारेजवळचा दिवा लागतो काय? लागत होता. यंत्रास पत्ता मिळाला आहे काय? मिळाला होता. दूरच्या यंत्राचा आंकडी पत्ता दिला तर उत्तर येतें काय? येत होतें. मग नांव दिलें असतां कां येत नाहीं? नांवावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्राची नोंदच चुकलेली होती! काम पांच मिनिटांत झालें. खर्च एका पैचाहि नाहीं. थर पाडले कशासाठीं, याचें उत्तर हेंच: दोष कोणत्या मजल्यावर आहे तें शोधतां यावें, आणि एका मजल्याची डागडुजी करितांना सबंध घर पाडावें लागूं नये. दिवाळींत आलेल्या त्या मुलास मीं हीच हकीकत सांगितली.

विद्यापीठांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांस माझें एवढेंच सांगणें आहे. दोन जुनीं यंत्रें व एक तार मिळवा. तीं एकमेकांशीं बोलतीं करा. मग तार काढून, पत्ता चुकवून काय होतें तें पाहा. प्रत्येक संकेतापुढें "हा नसता तर काय अडलें असतें?" असा प्रश्न लिहा, आणि उत्तर न सुचल्यास प्राध्यापकांस विचारण्यास लाजूं नका.

आम्हां शिक्षकांचें काम मात्र त्याच्याहि आधीं सुरू होतें. यंदाच्या वार्षिक परीक्षेंत माझ्या प्रश्नपत्रिकेवर 'सिद्ध करा' याच्या शेजारीं 'कां?' असा एक प्रश्न राहील. मुलें कुरकुर करितील, गुणहि कदाचित् घटतील. तरी तो मी काढणार नाहीं. "तें परीक्षेला येत नाहीं" हें वाक्य माझ्या वर्गांतून गेलेल्या मुलाच्या तोंडून पुनः ऐकावें लागूं नये, एवढीच माझी इच्छा आहे.